पुडीतला पाऊस

चेगोडी दाताखाली आली आणि वाजलीच नाही. झालं ते एवढंच. स्वातीनं काल संध्याकाळी मशीनच्या खोलीबाहेरच्या टेबलावर पेपरात बांधून ठेवलेली पुडी होती, तिच्यातलं तांदळाच्या पिठाचं ते तळलेलं कडं मी चहाबरोबर उचललं, दात दाबले, आणि जिथं कडकन काहीतरी व्हायला पाहिजे तिथं ते नुसतंच वाकलं. चामट. स्वाती आतून म्हणाली, नका खाऊ मॅडम, मेत्तगा झाल्यात त्या, मऊ पडल्यात, पेपरात ठेवलं की रात्रभर हवा पितात. ती सहज म्हणाली आणि पुन्हा आपल्या मशीनकडे वळली. मी मात्र तो तुकडा ना गिळता येईना ना थुंकता येईना अशी उभी राहिले, कारण माझ्या डोळ्यांसमोर चेगोडी नव्हतीच. आमच्या सरांच्या, एकनाथरावांच्या कपाटातला तो खण होता, आणि त्या खणात ओळीनं लावलेल्या, कोपरे दुमडलेल्या पांढऱ्या कागदाच्या पुड्या. छातीत असं धडधडायला लागलं की चहाचा कप खाली ठेवावा लागला. बाहेर जुलैचं आभाळ नुसतंच दाटून बसलेलं, पडत नाही, उघडत नाही, अंगाला कपडे चिकटतायत. शेजारच्या पंपाच्या कारखान्यात कुणीतरी लोखंडावर लोखंड घासत होतं. मी स्वतःला म्हटलं, रंजना, थांब, उगीच हुरळून जाऊ नकोस. आणि हुरळून गेलेच.

आम्ही दगड बघतो. धंदाच तो आमचा. जगाच्या कुठल्या तरी टोकाला कुणीतरी डोंगरात भोक पाडतं, त्यातून निघालेले दगडाचे दांडके पेटीत घालून हैदराबादला पाठवतं, कारण इथं काम स्वस्तात होतं आणि बरं होतं, आणि कुकटपल्लीच्या या शेडमध्ये आम्ही ते कापतो, घासतो, त्यांची भुकटी करतो आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठवतो. या वेळचा डोंगर पेरूमधला. तिथं वरचा दगड सगळा पांढरा पडलेला, मऊ, नखानं ओरखडा निघेल असा. कधी काळी त्यातून गरम पाणी गेलं आणि जाता जाता त्यानं चांगल्या कडक खडकाची माती करून टाकली. प्रश्न एकच, ते पाणी आलं कुठून? खालून, वितळलेला खडक थिजताना त्याच्यातून बाहेर पडलेलं? की वरून, पावसाचं, भेगांतून झिरपून खाली तापलेलं? खालून आलं असेल तर ते आपल्याबरोबर तांबं घेऊन निघालं असणार, आणि तांब्याचा मोठा साठा त्या पांढऱ्या दगडाच्या खाली कुठंतरी बसलेला असणार. मग भोक आणखी खोल न्यायचं. नुसता पाऊसच असेल तर खाली बघण्यात फारसा अर्थ नाही, भोक पाडायचं मशीन उतरवायचं आणि दुसरा डोंगर धरायचा. एकनाथरावांनी उत्तर काढलं होतं, पाऊस. आज संध्याकाळी ते फोनवर तिकडच्या माणसांना तसं शेवटचं सांगणार होते. आणि मला कितीतरी दिवस अन्न गोड लागत नव्हतं, कारण मला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही ते दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं.

पाण्याला कूळ असतं असं सांगितलं की लोक हसतात. पण असतं. पाण्यातही काही जरासं जड असतं, काही हलकं, आणि त्यांचं प्रमाण जागेप्रमाणे बदलतं. समुद्राकाठचा पाऊस जड. ढग डोंगर चढत जातो तसं जड पाणी वाटेतच पडून जातं आणि उंचावर पोचतो तो हलका पाऊस. खडकाच्या पोटातून निघालेल्या पाण्याचं माप आणखी तिसरं. दगडाची माती होताना त्या मातीच्या कणाकणात हे माप अडकून बसतं, लाखो वर्षं. स्वातीचं मशीन भुकटी तापवून तेच वाचतं. गंमत अशी की माणसाला हा प्रश्न विचारलेला मला अजिबात खपत नाही. पुण्याला मावसबहिणीकडे लग्नाला गेलं की पंगतीत शेजारची बाई विचारणारच, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हणते, हैदराबादच्या. हो, पण मूळच्या? आता वडील आबिड्सच्या पोस्टात, आजोबा निजामाच्या कोर्टात वकील, त्यांच्या आधीचे कुठून आले ते सांगायला कुणी उरलं नाही, मी काय सांगू? तेवढ्यात माझ्या तोंडून एखादं हैदराबादी ‘हौ’ निघतं आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर समजुतीचं हसू येतं, जसं काही तिला उत्तर मिळालं. असा संताप होतो. आणि तोच प्रश्न मी पाण्याला रोज विचारते, पोटासाठी विचारते, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हे पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते उस्मानियात, एमेस्सीला असताना. आमच्या शिक्षकांनी सूक्ष्मदर्शकाखाली गारगोटीचा कागदासारखा पातळ काप ठेवला आणि म्हणाले, बघ, आणि श्वास जरा धरून ठेव. मला आधी नुसती राखाडी धूळ दिसली. मग त्या धुळीतला एक कण कण नव्हताच, ती एक पोकळी होती, पोकळीत पाणी होतं आणि पाण्यात एक बुडबुडा. तो थरथरत होता. थांबतच नव्हता. गारगोटी घडताना तिच्यात कोंडला गेलेला तो थेंब, पृथ्वीवर बघायला माणूस नव्हता तेव्हापासून त्यातला बुडबुडा असाच नाचत होता, आणि आता उस्मानियातल्या एका पंख्याखाली मी त्याच्याकडे बघत होते. मला हसू यायला लागलं, आवरेना, मागच्या मुली विचारायला लागल्या काय झालं म्हणून. संध्याकाळी सुलतान बाजारातल्या घरी जिना चढता चढताच मी आईला ओरडून सांगितलं की मी आज कुणीही न प्यालेलं पाणी पाहिलं. आई म्हणाली, हात धू आणि आधी जेव. तिचंही बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून माझं बाकीच्या गोष्टींवरचं लक्ष जे उडालं ते आजतागायत, अजय आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी म्हणतो की तू जेवताना भातातही काहीतरी शोधत असतेस.

पेरूच्या गारगोटीत मी तेच पाहिलं होतं आणि वर आणखी एक गोष्ट. पाणी, बुडबुडा आणि कोपऱ्यात मिठाचा छोटासा चौकोनी खडा. म्हणजे कोंडलं गेलं तेव्हा ते पाणी इतकं खारट होतं की थंड झाल्यावर मीठ त्यात मावेना, बाहेर पडून खडा होऊन बसलं. पावसाचं पाणी एवढं खारट कुठून होणार? मी तशीच उठून एकनाथरावांकडे गेले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ पाहिलं, मान डोलावली आणि शांतपणे म्हणाले की गारगोटी आधी झाली, दगड पांढरा पडला तो नंतर. गारगोटीतलं पाणी खालचं असेलही, पण दगडाला ज्यानं बदललं ते पाणी कोणतं हे त्या मातीलाच विचारावं लागेल, बुडबुड्याला नाही. हे बोलणं चुकीचं नव्हतं, तोच तर वैताग. मी परत येऊन बसले. मनात म्हटलं, सर, त्या पांढऱ्या दगडाच्या पोटातूनच या गारगोटीच्या शिरा गेल्यात, दोघांच्या कडा एकमेकींत मिसळल्यात, माझ्या डोळ्यांना दिसतंय. पण डोळ्यांना दिसतंय हे काही आकडा नसतं.

एकनाथरावांबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही आणि राग तर असा येतो की काय सांगू. बेगम बाजारात त्यांच्या वडिलांचं मसाल्याचं दुकान होतं. शाळा सुटली की हे गल्ल्याच्या मागे बसून पुड्या बांधायचे, हळदीच्या, धन्याच्या, शहाजिऱ्याच्या, आणि तो हात पुढे सरकारी खात्यात जन्मभर दगड फोडूनही गेला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही प्रयोगशाळा काढली तेव्हा पहिला नियम केला तो हा की प्लास्टिक नको, त्याला भुकटी चिकटते, अर्धा माल पिशवीलाच राहतो. खरंच आहे ते. म्हणून भट्टीत रात्रभर सुकवलेली भुकटी ते स्वतः कागदाच्या पुडीत बांधतात. कागद असा काही दुमडतात, टोक असं आत खोचतात की कणभर सांडत नाही, पुडी वरून खाली टाकली तरी उघडत नाही. परदेशी पाहुणे आले की त्यांचे फोटो काढतात. मलाही त्यांनीच शिकवलं, माझी बोटं आपल्या बोटांनी वळवून, आणि माझी पहिली पुडी धड झाली तेव्हा स्वातीला बोलावून दाखवली होती. मग त्या पुड्या खणात राहतात, मशीनची पाळी येईपर्यंत. कधी दोन दिवस, कधी चार. कुणाला कधी त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तरी कुठं वाटलं? मशीन बरोबर चाललंय की नाही ते पडताळायची जी भुकटी असते, बाहेरून महागामोलाची आणलेली, ती तिच्या मूळच्या घट्ट झाकणाच्या बरणीतच असते, आत ओल शोषणारे निळे दाणे. तिचं माप रोज अचूक यायचं. म्हणून सगळे निश्चिंत.

आणि एप्रिल. एप्रिल आठवला आणि मी त्या टेबलाशी उभ्या उभ्याच हसले असणार, कारण स्वातीनं वळून पाहिलं. पेरूची पहिली पेटी आली ती एप्रिलात, जेव्हा इथं ओठ फुटतात, लोखंडाच्या कडीला हात लावला तर चटका बसतो आणि हवेत पाण्याचं नाव नसतं. त्या पेटीतल्या पांढऱ्या मातीनं सरळ सांगितलं होतं, मी खालच्या पाण्यानं झाले. एकनाथरावांनी ते बाजूला ठेवलं. मशीन नुकतंच दुरुस्त करून आणलं होतं, म्हणाले, अजून बसलं नसेल. मग दुसरी पेटी आली, पावसाळा लागल्यावर, आणि आकडे भलतीकडेच गेले. पाऊस, आणि तोही डोंगरावरचा हलका नाही, चांगला जड, समुद्राकाठचा. आता त्या उंचीवर असला पाऊस येणार कुठून? दुसरा कुणी असता तर इथंच अडला असता. एकनाथराव अडले नाहीत. दोन दिवस दार लावून बसले आणि बाहेर आले ते एक गोष्ट घेऊन. तेव्हा तो डोंगर उंच नव्हताच, म्हणाले; जमीन सखल होती, समुद्र जवळ होता, उबदार सरी यायच्या, ते पाणी मुरलं आणि मग सगळंच्या सगळं वर उचललं गेलं. सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. त्या सखल किनाऱ्यावर जाऊन, डोक्यावर रुमाल धरून उभे राहिल्यासारखे ते बोलत होते. इतकी सुंदर गोष्ट मी दगडांबद्दल फार कमी वेळा ऐकली आहे. तीच त्यांना छापून आणायची होती, या वयात, शेवटचं मोठं काम म्हणून.

आणि तो किनारा होता कुकटपल्लीचा. आमच्या खणातला. सखल जमीन, उबदार दमट हवा, जड पाणी, सगळं बरोबर जुळत होतं, फक्त डोंगर चुकला होता. ती पांढरी माती पाण्याला हावरी. भट्टीतून कोरडी ठणठणीत निघाली की कागदातून हवा ओढून घेत बसली असणार, दिवसरात्र, आणि मशीननं प्रामाणिकपणे वाचलं ते तिनं या आठवड्यात प्यालेलं हैदराबाद. मला नाचावंसं वाटत होतं. खरंच, पायाच्या तळव्यांत काहीतरी होत होतं. मी खणातून पांढऱ्या मातीची एक पुडी उचलली, दुसऱ्या एका पुडीतली नुसत्या गारगोटीची भुकटी घेतली, कारण गारगोटी पाणी पीत नाही, दोन्ही भट्टीत घातल्या आणि दार लावलं. जेवणाची सुट्टी झाली, मी डबा उघडलाच नाही. स्वाती म्हणाली बरं नाही का मॅडम, मी म्हटलं फार बरं आहे.

पण भट्टीसमोर बसलं की माणूस स्वतःलाही जरा भाजून निघतो. मला काय हवं होतं? खरं काय ते कळायला हवं होतं, की मी जिंकायला हवं होतं? पावसाळा लागल्यापासून मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीवर दात धरून होते. मीटिंगमध्ये ते बोलताना मी खिडकीबाहेर बघायची. ज्यानं माझी बोटं धरून पुडी शिकवली, त्याच्याच पुडीत मी आता बोट घालणार आणि म्हणणार, बघा. त्यांचा चेहरा कसा होईल तो मला आत्ताच दिसत होता. आणि तरीही, हे मी लपवत नाही, आत आनंद उसळतच होता, त्याला कशाची चाडच नव्हती. न सांगता राहायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी फोन झाला की तिकडे मशीनचे नट सोडायला माणसं चढणार, आणि एकदा नळ्या वर ओढल्या की असलं मऊ भोक आतल्या आत ढासळतं, पुन्हा तिथं कुणी उतरत नाही. तो डोंगर मग तसाच गप्प राहणार.

भुकट्या काढून निळ्या दाण्यांच्या बरणीत गार केल्या. काट्यावर ठेवायच्या तेवढ्या उरल्या, आणि नेमकं तेव्हा मला एकटीनं बघायचं धाडस होईना. मी जाऊन एकनाथरावांना म्हटलं, सर, दोन मिनिटं येता का. ते संध्याकाळच्या फोनसाठी कागद लावत बसले होते, पण उठले. काच लावलेला तो नाजूक काटा, ज्याच्यासमोर जोरात बोललं तरी आकडा हलतो. आधी गारगोटीची भुकटी ठेवली, काचेचं दार मुद्दाम उघडं टाकलं. आकडा बसला तो बसलाच. ते म्हणाले, मग? मी ती काढली आणि पांढरी माती ठेवली. आकडा बसला. क्षणभर काहीच नाही, आणि मला वाटलं, गेलं, संपलं, मूर्ख ठरले मी. मग शेवटचा अंक बदलला. पुन्हा बदलला. मग त्याच्या शेजारचा. कुणी हात लावत नव्हतं, कुणी काही घालत नव्हतं, आणि त्या चिमूटभर मातीचं वजन आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत वाढत होतं, थांबायचं नाव नाही. मला उस्मानियातला बुडबुडा आठवला. समजावून सांगायची गरजच नव्हती, एकनाथराव जन्मभर आकडे वाचत आले होते.

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग बोटानं काचेचं दार सरकवून बंद केलं, अगदी हळू, आणि आकडा जरा दमल्यासारखा मंद झाला तेही पाहिलं. दार पुन्हा उघडलं. पुन्हा वाढायला लागला. तेव्हा ते सरळ झाले. मला वाटलं आता चिडतील, निदान काहीतरी शंका काढतील, काढता आल्या असत्या. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावसाळ्यात बाबा हळद सकाळची सकाळीच तोलायचे. म्हणायचे, उद्यावर ठेवलीस तर गिऱ्हाइकाला पाणी विकशील." मग खणाकडे वळत, "मला हे माहीत होतं, बाई. लहानपणापासून माहीत होतं."

मी म्हटलं एप्रिलचे आकडे खरे होते, सर. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खण उघडून पुड्यांकडे नुसते बघत उभे राहिले, आणि मला त्यांच्या डोळ्यांत तो सखल किनारा ओसरताना दिसला, तसा दिसला हे मी शपथेवर सांगेन. मला एकदम त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. पावणेसहाला त्यांनी फोन मागितला.

पेरूला ती सकाळ होती. भोकावर युवराज असतो, नागपूरचा, त्याच्या हाताखाली ते मशीन आणि ती माणसं. एकनाथरावांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. वारा ऐकू येत होता. युवराजनं नमस्कार केला आणि आपणहूनच सांगितलं की सरांनी परवा तोंडी सांगितलं होतं त्याप्रमाणे त्यानं तयारी लावली आहे, माणसं वर चढली आहेत. मला हे ठाऊक नव्हतं. परवाच सांगितलं होतं? मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली, मग वर केली आणि स्वच्छ आवाजात बोलले. "युवराज, मी तुला सांगितलं ते पाणी तुमच्या डोंगराचं नाही. आमच्या कुकटपल्लीचं आहे. चूक माझ्या हातची आहे, दुसऱ्या कुणाची नाही." मग युवराज म्हणाला की बरं सर, पण मग त्यानं आता काय करायचं, उतरवायचं की ठेवायचं, माणसं लटकली आहेत वर.

एकनाथरावांनी फोन माझ्याकडे सरकवला. "बाईंना विचार. माझं मन अजून त्या पावसाच्याच बाजूचं आहे, माझा भरवसा धरू नको."

आणि त्या क्षणी माझी सगळी उकळी एकदम खाली बसली. कारण मला दिसलं की काट्यानं सरांचा आकडा खोटा ठरवला होता, माझा खरा ठरवला नव्हता. ओल्या मातीवरून काहीच सिद्ध होत नाही, ना वरचं पाणी ना खालचं. नीट सुकवून, काचेत बंद करून, हवा न लागू देता मशीनमध्ये घालायचं म्हणजे आकडा परवा आला असता, लवकर नाही. आज माझ्याकडे होतं काय? एप्रिलची एक पेटी. एक बुडबुडा आणि मिठाचा खडा. आणि गारगोटीच्या शिरेची ती कड, जी पांढऱ्या दगडात अशी मिसळली होती की दोघं एकाच वेळी, एकाच पाण्यातून झाले असं माझे डोळे सांगत होते. सरांचंही मन पावसाच्या बाजूचं होतं, माझं खालच्या पाण्याच्या, उस्मानियातल्या त्या बुडबुड्यापासून. मग त्यांचा भरवसा धरायचा नाही तर माझा का धरायचा? चुकले तर त्या डोंगराचा मालक पुन्हा आम्हाला दगड पाठवणार नव्हता, ही शेड बंद पडली असती आणि लोक म्हणाले असते, म्हाताऱ्यानं एकदा चुकवलं, बाईनं दुसऱ्यांदा. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. आणि तरी मी आत शोधायला गेले तेव्हा शंका कुठंच सापडेना. भीती होती, पुष्कळ होती. शंका नव्हती. हे दोन वेगळे असतात हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, सूक्ष्मदर्शकाशिवाय.

युवराजनं विचारलं, "मॅडम, आकडा आहे का काही?"

"आकडा परवा देते," मी म्हटलं. "माणसं खाली घ्या. भोक आजच पुढे न्या, खाली."

"परवा आकडा उलटा आला तर?"

"तर माझं नाव सांगा. रंजना. मी सांगितलं म्हणून गेलो म्हणा."

फोनपासून लांब जाऊन त्यानं त्या लोकांच्या भाषेत काहीतरी मोठ्यानं ओरडून सांगितलं, कुणीतरी वरून ओरडून उत्तर दिलं, कुणीतरी हसलं. एकनाथराव टेबलावर दोन्ही हात टेकून, मान तिरकी करून ऐकत होते आणि मी त्यांच्या इतक्या जवळ होते की त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. पलीकडे इंजिन दोनदा नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा धरलं, घरघरलं, आणि मग तो सबंध डोंगर टेबलावरच्या फोनमधून थरथरायला लागला.